एका हाकेला दोघांची ओ

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या पारावर उभं राहून 'मुंजाभाऊ' अशी हाक मारा. एकाच्या जागी दोघे-तिघे वळून बघतील. 'ज्ञानोबा' म्हटलं तर पारावरचे, हॉटेलातले आणि समोरच्या किराणा दुकानातले असे सगळेच ओ देतील. हाक मारणारा मग आवाज चढवून पुढचं सांगतो, "तुमी नाही हो, मळ्यातले!" मळ्यातले ज्ञानोबा तेवढे उठतात आणि बाकीचे आपल्या बोलण्याला पुन्हा लागतात. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण इथल्या माणसाच्या तोंडी कायम असते. अशा या जिल्ह्यात माणसांची, गावांची, संतांची, कवींची आणि पुढाऱ्यांचीही नावं एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यातून झालेले घोटाळे लग्नाच्या मांडवात, एसटीच्या फलाटावर आणि तलाठ्याच्या टेबलासमोर हसत हसत सांगितले जातात. हे किस्से गोळा करायला बसलं की एक गोष्ट लक्षात येते. नाव सारखं असल्यामुळे माणसाचं फार बिघडत नाही. नावाभोवतीची माहिती, म्हणजे बाप कोण, गाव कुठलं, घर कोणत्या बाजूचं, ही गळून पडली की मात्र घोटाळा होतो.

आजोबा परत येतात

इथली नावं इथल्या भूगोलातून आली आहेत. दक्षिणेला जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे परळीचा वैजनाथ, उत्तरेला औंढ्याचा नागनाथ, मधून वाहणारी गोदावरी, तिच्या काठावर संत जनाबाईंचं गंगाखेड आणि वर नामदेवांचं नर्सी. म्हणून घरोघर वैजनाथ, नागनाथ, नामदेव, गंगाधर, ज्ञानोबा, सोपान आणि तुकाराम आहेत. लेकीबाळींत गोदावरी, जनाबाई आणि मुक्ताबाई आहेत. वेशीवर मारोती असतोच, त्यामुळे मारोतराव आले. पिंपळाखालच्या मुंज्यावरून मुंजाजी आणि मुंजाभाऊ आले. हे नाव पुण्या-मुंबईच्या माणसाला नवखं वाटतं, इथे मात्र गल्लीगल्लीत सापडतं.

त्यात वारलेल्या आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. म्हातारा गेला, वर्षभरात घरात मुलगा झाला, की 'बाबा परत आले' म्हणून तेच नाव ठेवतात. दोन भावांना पाठोपाठ मुलं झाली तर दोघांनाही बापाचं नाव आपल्या घरात हवं असतं. मग एकाच वाड्यात, एकाच आडनावाचे, एकाच वयाचे दोन गंगाधर वाढतात. ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली की वेगळीच गंमत होते. गंगाधरचा मुलगा नामदेव, नामदेवचा मुलगा गंगाधर, त्याचा पुन्हा नामदेव. कागदावर 'गंगाधर नामदेव' लिहिलेलं दिसलं तर तो खापरपणजोबा की परवा दहावी पास झालेला पोरगा, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही.

मुस्लीम घरांत दुसरी तऱ्हा. मराठवाड्यात 'शेख अमुक शेख तमुक' अशी नाव लिहायची पद्धत आहे. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि दोन्हींच्या आधी शेख. सय्यद, पठाण, खान यांचंही तसंच. कुठे 'शेख' आधी लागतं, कुठे नंतर. शाळेच्या हजेरीत एक क्रम, बँकेच्या पासबुकात दुसरा. वर्गात एकाच नावाचे दोन शेख असले की गुरुजी 'मोठा' आणि 'लहान' असं ठरवून मोकळे होतात. लहानाची उंची पुढे मोठ्याच्या वर गेली तरी नाव बदलत नाही.

सुनांची अडचण आणखी निराळी. सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही जुनी चाल. आणि नेमकं तेच नाव तिच्या पोटच्या मुलाला ठेवलेलं! मग ती त्याला बापू म्हणते, आबा म्हणते, दादा म्हणते, बाळू म्हणते. घरातले, शेजारचे आणि हळूहळू सगळं गाव त्याच नावाने हाक मारतं. खरं नाव शाळेत घालायच्या दिवशी बाहेर येतं आणि पोरगं गोंधळून आईकडे बघतं, हा गंगाधर कोण? सुनेचं नाव सासूच्या किंवा मोठ्या जावेच्या नावासारखं असलं तर लग्नातच तिचं नाव बदलायचं, हीही चाल होती. त्यामुळे एकाच बाईला दोन नावं मिळाली आणि त्या दुसऱ्या नावाची गावात आधीच एखादी असली तर पुन्हा तोच गुंता.

मळ्यातले, वाड्यातले, डीपीजवळचे

गावाने या सगळ्यावर आपली तोड काढली आहे. नाव एकच असलं तरी माणसं वेगळी आहेत, हे गावाला माहीत असतं आणि ते सांगायची भाषाही गावाकडे असते. घरावरून वाड्यातले, वेशीतले, तळ्यावरचे. धंद्यावरून गिरणीवाले, टेलर, कंडक्टर. अंगावरून पैलवान, उंच, काळे. कामावरून मास्तर, पुजारी, माळकरी. 'काळे' किंवा 'लंगडे' म्हटल्याचा राग कुणी धरत नाही, कारण त्यावाचून माणूस सापडत नाही.

हल्ली ही भाषा मोबाइलमध्ये शिरली आहे. इथल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या फोनमधली यादी उघडली तर एकाखाली एक असं दिसतं: ज्ञानोबा टेलर, ज्ञानोबा ट्रॅक्टर, ज्ञानोबा डीपी, ज्ञानोबा बियाणे, ज्ञानोबा मावशीचे, ज्ञानोबा नवीन नंबर. डीपी म्हणजे विजेचं रोहित्र. त्याच्याशेजारी ज्यांचं शेत ते ज्ञानोबा डीपी. लाइट गेली की पहिला फोन त्यांना. 'नवीन नंबर'वाले ज्ञानोबा नक्की कोणते हे कधी कधी फोनच्या मालकालाही आठवत नाही. तो फोन लावतो आणि आवाज ऐकून ठरवतो.

घोटाळे होतात ते या यादीच्या बाहेरच्या माणसामुळे. पाहुण्यांच्या गावाहून आलेला मुलगा लग्नपत्रिका दुसऱ्याच ज्ञानोबांच्या घरी टाकून जातो. ते आनंदाने लग्नाला जातात, आहेर करतात, जेवून येतात आणि खरे निमंत्रित 'आपल्याला बोलावलंच नाही' म्हणून वर्षभर अबोला धरतात. दवाखान्यात कंपाउंडर नाव पुकारतो, दोघे एकदम उठतात आणि गुडघेदुखीवाला खोकल्याचं औषध घेऊन बाहेर पडतो. व्हॉट्सॲपच्या गटात कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकतं, घाईत फोटो चुकीच्या नामदेवांचा लागतो आणि दिवसभर त्या नामदेवांच्या घरी फोन येत राहतात. फोन ते स्वतःच उचलतात. पलीकडचा क्षणभर गप्प होतो, मग 'काही नाही, सहज केला होता' म्हणतो. संध्याकाळी तेच नामदेव गेलेल्या नामदेवांच्या मातीला जाऊन येतात आणि घरी परतल्यावर नातवाला आपला एक बरा फोटो काढून ठेवायला सांगतात.

एखाद्या पोराने रस्त्यात नमस्कार केला की म्हातारी माणसं नाव विचारत नाहीत. "कोनाचा रे तू?" असं विचारतात. आजोबाचं नाव, घराची खूण, आईचं माहेर असं तीन-चार प्रश्नांत पोरगं नेमकं कुठलं ते कळतं. नावापेक्षा या प्रश्नांवर त्यांचा भरवसा जास्त असतो आणि तो खोटा ठरत नाही.

तिकीट कुठलं काढलं?

माणसांची ही गत, तर गावांची वेगळी कशी असेल? परभणी जिल्ह्यात सेलू हा तालुका आहे आणि वर्धा जिल्ह्यातही सेलू हाच तालुका आहे. 'सेलूला बदली झाली' एवढं ऐकलं की नोकरदाराचा जीव खालीवर होतो, कारण एक सेलू मराठवाड्यात आणि दुसरं विदर्भात. पत्त्यात जिल्हा लिहायचा राहिला तर टपालही नको तिकडे फिरून येतं. पालमची गोष्ट याहून मोठी. हा परभणीतला तालुका, पण देशभरच्या लोकांना पालम म्हटलं की दिल्लीचा विमानतळ आठवतो. मोबाइलवर 'पालम' शोधलं की आधी दिल्ली उघडते, आणि पालमच्या तहसीलला निघालेल्या नवख्या माणसाला हजारावर किलोमीटरचा रस्ता दाखवला जातो.

पूर्णेचं तर शाळेतल्या पोरांना भयच वाटतं. पूर्णा हे रेल्वेचं जंक्शन आणि तालुका. पूर्णा ही नदीही आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून ती गोदावरीला मिळते आणि जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण तिच्यावरच आहे. पण भूगोलाच्या पुस्तकात आणखी एक पूर्णा येते. ती सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून वाहते आणि तापीला मिळते. परीक्षेत 'पूर्णा कोणत्या नदीची उपनदी?' असा प्रश्न आला की दोन्ही उत्तरं बरोबर असतात. गुण मात्र गुरुजींच्या मनातल्या पूर्णेलाच मिळतात.

परभणीहून मानवत रोडकडे जाताना पेडगाव हे स्टेशन लागतं. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार ज्याने शाळेत पाठ केला, तो डब्यातल्या सहप्रवाशाला इथे हटकून चिडवतो. वाक्प्रचारातलं पेडगाव वेगळं. ते भीमेकाठी, श्रीगोंदा तालुक्यात, बहादूरगडाचं. परभणीच्या पेडगावकरांचा त्याच्याशी काही संबंध नाही, तरी थट्टा त्यांच्याच वाट्याला येते आणि तेही ती हसून घेतात.

सारख्या नावांची गावं ओळखायला जुन्या महसुली कारभाराने बुद्रुक आणि खुर्द अशी सोय केली. सात-बारावर ते 'बु.' आणि 'खु.' असं असतं. त्याने भागलं नाही तिथे लोकांनी शेजारच्या गावाचं, देवाचं किंवा घराण्याचं नाव जोडलं. नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुक्यात एक नरसी आहे, मोठा फाटा आहे, एसटीची वर्दळ आहे. संत नामदेवांचं गाव ते नव्हे. तिकडे जायचं तर 'नर्सी नामदेव' असं पूर्ण म्हणावं लागतं. ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं.

विद्यापीठांचीही तीच तऱ्हा. औरंगाबादला १९५८मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघालं. परभणीला १९७२मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ आलं. १९९४मध्ये पहिल्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३मध्ये वसंतराव नाईकांचं नाव लागलं. आज तिन्हींच्या नावांत 'मराठवाडा' आहे. परभणीत राहणारा मुलगा कला शाखेची पदवी नांदेडच्या विद्यापीठाची घेतो, शेजारचा मित्र कृषीची पदवी गावातल्या विद्यापीठाची घेतो आणि दोघांचे आई-वडील पाहुण्यांना एकच उत्तर देतात, 'मराठवाडा विद्यापीठात आहे.' राजकारणातही वसंतराव दोन. नाईक १९६३ ते १९७५ असे सलग मुख्यमंत्री होते, वसंतदादा पाटील त्यांच्यानंतर. एकाच्या जयंतीला, १ जुलैला, कृषी दिन असतो, दुसऱ्याच्या नावाने साखर उद्योगाची मोठी संस्था आहे. दोघांचाही शेतीशी संबंध, त्यामुळे सामान्यज्ञानाच्या परीक्षेत दोघांची अदलाबदल ठरलेली.

दोन नामे आणि दोन 'बी'

या मातीतला सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा नामघोटाळा संतांच्या घरचा आहे. नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. त्यांच्यानंतर, एकनाथांच्या काळाच्या आसपास, सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले. त्यांनी महाभारतावर विपुल ओवीरचना केली. आता अडचण अशी की अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं आणि तिथे दोघांचंही नाव 'नामा'. त्यातून नामदेवांच्या गाथेतही कित्येक ठिकाणी 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा येते. वह्या उतरवून घेणाऱ्या वारकऱ्यांना यात काही खटकलं नाही. अभंग गोड, नाव नाम्याचं, मग घातला गाथेत. पुढे अभ्यासक आले आणि कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, हे भाषेवरून, विषयावरून आणि जुन्या पोथ्यांवरून निवडण्यात त्यांची उभी हयात गेली. तरी सगळा गुंता सुटलेला नाही.

नामदेवांच्या घरच्या जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. त्यांनी आपली सही करताना मात्र घोटाळ्याला फारशी जागा ठेवली नाही. 'दासी जनी' आणि 'नामयाची जनी' असं त्या म्हणत. स्वतःच्या नावाबरोबर घर सांगितलं, की कोणती जनी हे वेगळं विचारावं लागत नाही. पारावरचा माणूस आजही हेच करतो.

ज्ञानदेवांबाबतही असा वाद झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या एका अभ्यासकाने 'सुधारक' पत्रात लेख लिहून ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आहेत, असा पक्ष मांडला. त्यावर मोठं वादळ उठलं. महाराष्ट्राने तो पक्ष स्वीकारला नाही. पण नाव एक असलं म्हणजे माणूसही एकच, असं गृहीत धरता येत नाही, हा धडा मराठी संशोधनाने त्यातून घेतला.

आधुनिक काळात परभणीच्या वाट्याला आलेला नामसाधर्म्याचा किस्सा कवितेचा आहे. परभणीकर ज्यांना आपलं मानतात ते बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३चा, सातोन्याचा. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातलं हे गाव परतूर भागाबरोबर जालना जिल्ह्यात गेलं. निजामी राजवटीत त्यांनी सरकारी खात्यात कारकुनी केली आणि फावल्या वेळात कथा, कादंबऱ्या, कविता लिहिल्या. १९५३मध्ये, वयाच्या चाळिशीत ते गेले. शहरातल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे.

आणि मराठीत आणखी एक 'बी' आहेत. नारायण मुरलीधर गुप्ते, जन्म १८७२, निधन १९४७. 'चाफा' ही कविता त्यांची. आता पुढची गंमत बघा. या 'बीं'च्या संग्रहाचं नाव 'फुलांची ओंजळ' आणि बी. रघुनाथांनी कविता लिहिताना घेतलेलं टोपणनाव 'फुलारी'. अक्षरही जुळलं, फुलंही जुळली. शाळा-कॉलेजच्या उत्तरपत्रिकांत एकाची कविता दुसऱ्याच्या नावावर गेली तर नवल कसलं? परभणीचा वाचक मात्र इथे चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त आहे. आधीच मराठवाड्यातला लेखक पुण्या-मुंबईच्या समीक्षेत उशिरा पोचतो. त्यात त्याच्या नावावर दुसऱ्याचा चाफा टाकला की त्याचं स्वतःचं लेखन झाकून जातं. बी. रघुनाथांची ओळख परभणीच्या माणसांच्या कथा, त्यांची कविता आणि 'ओ' ही कादंबरी. हाकेला दिलेलं उत्तर हेच त्या कादंबरीचं नाव आहे.

मतपत्रिकेवरचे जुळे

नावांचा घोटाळा पारावर झाला तर चहावर मिटतो. निवडणुकीत झाला तर पाच वर्षं पुरतो.

परभणी लोकसभा मतदारसंघात १९९६ला सुरेश जाधव निवडून आले, १९९८ला सुरेश वरपूडकर आणि १९९९ला पुन्हा सुरेश जाधव. तीन निवडणुकांत पक्ष बदलले, पण खासदाराचं नाव 'सुरेश'च राहिलं. पुढे २०१४पासून सलग तीनदा जाधवच निवडून आले, पण हे संजय जाधव. गावात त्यांना 'बंडू' म्हणूनच ओळखतात, म्हणून अधिकृत नावातही कंसात 'बंडू' येतं. २०२४ला ते १ लाख ३४ हजार मतांच्या फरकाने जिंकले. 'दुनियादारी' हा चित्रपट काढणारे दिग्दर्शकही संजय जाधव. मोबाइलवर नुसतं 'संजय जाधव' टाकलं की खासदार आणि सिनेमा एकत्रच उगवतात. त्यासाठीसुद्धा तो कंसातला 'बंडू' कामाचा आहे. राज्याच्या राजकारणात जयंत पाटील दोन, एक इस्लामपूरचे आणि एक अलिबागचे. बातमी देणाऱ्याला अलिबागच्यांपुढे 'शेकापचे' हा शब्द जोडावाच लागतो.

हे झालं सहज जुळलेल्या नावांचं. मुद्दाम जुळवलेल्या नावांची गोष्ट वेगळी. २०१४ला रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला आणि त्याच मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या, अपक्ष सुनील तटकरेंना ९,८४९ मतं पडली. त्याच निवडणुकीत छत्तीसगडमधल्या महासमुंदला भाजपचे चंदूलाल साहू उभे होते आणि त्यांच्याशी मिळत्याजुळत्या नावांचे दहा अपक्ष उभे होते. तरीही भाजपचे साहू अजित जोगींवर १,२१७ मतांनी निसटून विजयी झाले. २०२४ला दिंडोरीत शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. तिथल्या एका अपक्ष भगरेंच्या नावापुढे कंसात 'सर' होतं, चिन्हही मिळतंजुळतं, तुतारीचं, आणि त्यांना १ लाख ३ हजारांवर मतं मिळाली.

निवडणुकीचे १९६१चे नियम सांगतात की दोन उमेदवारांची नावं एकच असतील तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा तसंच काही जोडून ती वेगळी करावीत. म्हणजे कायद्यानेही पाराची रीतच उचलली आहे. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून मे २०१५पासूनच्या निवडणुकांत मतयंत्रावर उमेदवाराचा फोटो आला. नाम-साधर्म्याच्या उमेदवारांवर बंधन घालावं, अशी याचिका ३ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला. आई-बापांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाचा उभं राहण्याचा हक्क जाऊ शकत नाही, असा त्यामागचा विचार होता. तो मला पटतो. नाव ठेवण्यात कुणाचाच दोष नसतो. मतदाराला गोंधळात पाडायला कुणी कुणाला उभं करत असेल तर दोष त्याचा आहे आणि मतदाराने त्याला तो दाखवून द्यायला हवा.

एकाचे दोन, दोघांचा एक

घोटाळ्याचं सध्याचं मोठं ठिकाण म्हणजे संगणकाचा पडदा. फेब्रुवारी २०१९मध्ये पीएम-किसान योजना सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,०००च्या तीन हप्त्यांत, थेट खात्यात. त्यासाठी आधारवरचं, बँकेतलं आणि जमिनीच्या नोंदीतलं नाव जुळावं लागतं. इथे आमच्या ज्ञानोबांची खरी परीक्षा सुरू होते. सात-बारावर ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर, पासबुकावर इंग्रजीत डी, एन, वाय घालून केलेलं काहीतरी. परगावाहून आलेला बँकेचा साहेब ते वाचून 'ड्न्यानोबा' अशी हाक मारतो आणि रांगेत उभे असलेले ज्ञानोबा हाक आपलीच आहे हे न कळून तसेच उभे राहतात. मुंजाजीचं मुंजा होतं, मारोतीचं मारुती होतं, पांडुरंगाचं पंढरी होतं. गावाला यात काही फरक वाटत नाही. संगणकाला ते वेगवेगळे इसम वाटतात.

मग तालुक्याच्या गावी जायचं आणि 'वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र करायचं. तहसीलच्या आवारात झाडाखाली टायपिंगवाले बसतात, त्यांना हा मजकूर तोंडपाठ असतो. ते फक्त नावं विचारतात. लग्नाने नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही बदललेल्या बायकांना हे प्रतिज्ञापत्र फार वेळा करावं लागतं. दाखला माहेरचा, रेशनकार्ड सासरचं, मतदार यादीत तिसरंच काही. त्याच झाडाखाली, त्याच दिवशी, दुसरे दोघे येतात. त्यांचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव सारखं. एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसतं. त्यांना उलटं सिद्ध करायचं असतं, की आम्ही एक नाही, दोघे आहोत. एक माणूस आपण एक आहोत म्हणून शपथ घेतो, दोन माणसं आपण दोन आहोत म्हणून शपथ घेतात, आणि टायपिंगवाला दोन्ही कागद एकाच यंत्रावर काढून देतो.

याचं हसू येतं, पण हप्ता अडकलेल्या शेतकऱ्याला तेवढी फुरसत नसते. पारावर कुणालाच लागत नव्हतं ते इथे लागतं, कारण इथे 'मळ्यातले' लिहायला रकाना नाही.

आईचं नाव

यावर एक चांगला उपाय अलीकडे आला आहे. ११ मार्च २०२४ला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची. आईला कागदावर जागा मिळाली, हे त्यातलं मोठेपण. त्याचबरोबर आमच्या जिल्ह्यातला जुना घोटाळाही त्याने बराच कमी होईल. गावातल्या दोघांचं नाव गंगाधर असलं, दोघांच्याही बापाचं नाव सारखंच निघालं, तरी दोघांच्या आया एकाच नावाच्या निघणं फार दुर्मीळ. तलाठ्याचा, बँकेचा आणि शाळेचा निम्मा वेळ त्यातून वाचेल.

ही सोय आजच्या बाळांना मिळाली, आधीच्या पिढ्यांना नाही. म्हणून आपल्या हातात जे आहे ते आपणच करायला हवं. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत मुळीच सोडू नका, कारण त्यात माया आहे आणि गावाची आठवण आहे. पण मुलाला शाळेत घालताना जन्मदाखला समोर ठेवून नाव एकाच पद्धतीने लिहून घ्या. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे. आधार, पासबुक आणि सात-बारा एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर गरज पडायच्या आधीच दुरुस्त करा. पत्ता लिहिताना तालुका आणि जिल्हा सोडू नका, विशेषतः सेलूचा, पूर्णेचा आणि पालमचा. लग्नपत्रिकेवर नाव घालताना कंसात 'मळ्यातले' लिहायला लाजू नका, त्याने एका घरातला अबोला वाचेल. मतदानाला गेलात तर नावाबरोबर फोटो आणि चिन्हही बघून बटण दाबा. आणि सुनेने मुलाला बापू म्हटलं, आबा म्हटलं, तरी त्याचं कागदावरचं पूर्ण नाव, त्याच्या आईच्या नावासकट, त्याला लहानपणीच पाठ करून द्या.